श्रीमंत सयाजीराव गायकवाड व शाळेतील मुलांची प्रकृती

बडोद्याचे श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड, तिसरे, ह्यांचे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानावरून गेलेले आहे. डॉक्टर भीमराव आंबेडकर ह्यांस १९१३ साली अमेरिकेत जाऊन शिकता यावे म्हणून ज्यांनी शिष्यवृत्ती दिली, ते हेच. आपल्या सर्व राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण ज्यांनी चालू केले व खेडोपाडी वाचनालये ज्यांनी उघडली, तेही हेच. त्यांची गादी गुजराथेत होती. तरी ते जन्माने नाशिक जिल्ह्यातील, भाषेने मराठी व मूळचे खेड्यातल्या शेतकरी घरातले. त्यांची चरित्रे पुष्कळ झाली आहेत, आणि त्यांत दरबार, राजवाडे व परदेशचे प्रवास ह्यांची वर्णने भरपूर सापडतात. परंतु त्यांच्या एका कामाविषयी सहसा कोणी दोन ओळींपलीकडे लिहीत नाही. १९०९ साली बडोदे शहरातील शाळांत डॉक्टर गेले व त्यांनी तेथील मुलांची प्रकृती तपासली. हिंदुस्थानात शाळेतील मुलांची अशी तपासणी होण्याची ती पहिलीच वेळ, असे आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांत नमूद आहे. आज आम्ही महाराजांचे चरित्र सांगणार आहो ते ह्या एका कामाच्या अनुरोधाने.

सयाजीरावांचा जन्म मालेगाव तालुक्यातील कवळाणे ह्या लहानशा गावी ११ मार्च १८६३ रोजी झाला. घरी त्यांस गोपाळराव म्हणत. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतले. कूळ राजाचे, परंतु निर्वाह शेतीवर. गोपाळराव बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांचे लिहिणे-वाचणे नावापुरतेच झाले होते. गुरे, शेत, पाऊस आणि उन्हाळा हीच त्यांची शाळा. कवळाण्याच्या मुलास ताप आला म्हणजे काय होत असेल हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. आजीबाईंचा काढा, अंगारा, आणि ताप आपोआप उतरेपर्यंत वाट पाहणे, ह्यापलीकडे त्या काळच्या खेड्यात दुसरा उपाय नव्हता.

१८७५ साली बडोद्यास मोठी उलथापालथ झाली. मल्हारराव महाराजांवर इंग्रज रेसिडेंटास विष घालण्याचा आरोप आला व अखेर ते पदच्युत झाले. पूर्वीचे महाराज खंडेराव ह्यांच्या विधवा राणी जमनाबाई ह्यांस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. घराण्याच्या निरनिराळ्या शाखांतील मुले पाहण्यात आली, त्यांत काशीरावांचे तीन मुलगेही होते. अशी कथा सांगतात की, तुम्ही येथे कशासाठी आलात असे मुलांस विचारले, तेव्हा इतर मुले काहीबाही बोलली. गोपाळरावांनी मात्र आपण राज्य करावयास आलो आहो असे सरळ सांगितले. कथा खरी असो वा नसो, २७ मे १८७५ रोजी ते दत्तक गेले व कवळाण्याचा गोपाळ बडोद्याचा सयाजीराव झाला.

येथून त्यांची खरी शाळा सुरू झाली. एलियट नावाचे एक इंग्रज सनदी अधिकारी त्यांचे शिक्षक नेमले गेले, आणि राजा सर टी. माधवराव हे दिवाण असल्यामुळे राज्यकारभाराचे पाठ त्यांच्याकडून मिळाले. मराठी, गुजराथी, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा ह्या मुलास एकदम शिकावयाच्या होत्या. सहा वर्षांत त्याने तो सर्व डोंगर पार केला व २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची सूत्रे त्याच्या हाती आली. अभ्यासाबरोबर घोड्यावर बसणे, तालीम व खेळ हेही असत. राजवाड्यातल्या ह्या विद्यार्थ्यास वेळेवर जेवण होते आणि दारात वैद्य होता. खेड्यातले मूल व वाड्यातले मूल ह्यांच्या प्रकृतीत अंतर कशाने पडते, हे एकाच देहाने दोन्ही ठिकाणी राहून पाहिलेले असे राजे आपल्या देशात फारसे झाले नसतील.

परंतु वाड्याच्या भिंती कितीही जाड असल्या तरी आजार त्यांतून आत येतोच. १८८० साली महाराजांचे लग्न तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई ह्यांच्याशी झाले. बडोद्यास त्यांचे नाव चिमणाबाई ठेविले. ह्या जोडप्यास दोन मुली व एक मुलगा झाला. थोरली बजूबाई १८८३ साली वारली, धाकटी पुतळाबाई १८८५ साली गेली, आणि त्याच १८८५ साली राणीसाहेबही क्षयाने वारल्या. महाराज त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे होते. हातात उरला तो दोन वर्षांचा फत्तेसिंहराव. पुढे महाराजांनी देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई ह्यांच्याशी दुसरा विवाह केला. त्याही चिमणाबाई ह्याच नावाने प्रसिद्धीस आल्या. १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षा त्याच.

महाराजांची स्वतःची प्रकृतीही चांगली राहिली नाही. निद्रानाश व मज्जातंतूंचा अशक्तपणा त्यांच्या मागे लागला, पुढे संधिवाताने त्रास दिला. डॉक्टरांच्या सल्ल्याने १८८७ साली ते प्रथम यूरोपास गेले, आणि मग अशा प्रवासांची मालिकाच सुरू झाली. ह्याबद्दल त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली, ती काही अंशी योग्यही होती असे आम्हांस वाटते. राजा वर्षातून कित्येक महिने दूर असला म्हणजे कारभार कारकुनांच्या हाती जातो. तथापि ह्या प्रवासांत त्यांनी नुसत्या हवा खाल्ल्या नाहीत. जेथे जात तेथे शाळा, इस्पितळे, ग्रंथालये व कारखाने पाहात, आणि परत आल्यावर त्यांतले आपल्याकडे काय चालेल ह्याचा विचार करीत.

त्यांचे आरोग्याचे पहिले मोठे काम म्हणजे पाणी. बडोदे शहराचे लोक विहिरींचे व तळ्यांचे पाणी पीत. शहरापासून काही मैलांवर आजवे येथे मोठा तलाव बांधून १८९२ च्या सुमारास नळाने स्वच्छ पाणी शहरात आणले. हाच सयाजी सरोवर. पण एक काम पुरे होते न होते तोच निसर्गाने कठीण प्रसंग आणिला. प्लेग आला, आणि १८९९–१९०० सालचा तो भयंकर दुष्काळ पडला, ज्यास गुजराथेत छप्पन्नाचा दुष्काळ म्हणतात, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होता. महाराज स्वतः दुष्काळी भागात फिरले व त्या दौऱ्याची टिपणे त्यांनी छापविली. १८९१ च्या शिरगणतीत बडोदे राज्याची वस्ती सुमारे २४ लाख १५ हजार होती. १९०१ साली ती सुमारे १९ लाख ५३ हजार भरली. दहा वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसे कमी झाली. कोणत्याही राज्यकर्त्यास ही गणती वाचून झोप येणे कठीण, मग आधीच निद्रानाश असलेल्याची गोष्ट काय सांगावी!

आता शिक्षणाकडे वळू. १८९३ साली महाराजांनी अमरेली तालुक्यातील दहा गावांत सक्तीचे शिक्षण प्रयोगादाखल सुरू केले. मुलगे सात ते बारा वर्षांचे व मुली सात ते दहा वर्षांच्या, ह्यांस शाळेत पाठविलेच पाहिजे. न पाठविल्यास आईबापांस दंड. तेरा वर्षे अनुभव घेऊन १९०६ साली हाच नियम सर्व राज्यास लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा तेव्हा कोठेही नव्हता. नामदार गोखले ह्यांनी १९११ साली कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचे बिल आणिले तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. तरी १९१२ साली ते बिल नापास झाले. ज्यांस त्या काळी अंत्यज म्हणत त्यांच्या मुलांसाठी बडोद्यात निराळ्या शाळा ह्याआधीच निघाल्या होत्या. तेथे शिकविण्यास वरच्या जातीचे शिक्षक धजत ना, म्हणून मुसलमान व आर्यसमाजी शिक्षक नेमावे लागले. १९०४ साली बालविवाहास आळा घालणारा कायदाही झाला होता.

सक्तीच्या शिक्षणाची ही गोष्ट सर्वत्र मोठ्या गौरवाने सांगितली जाते, आणि ती आहेही गौरवाची. परंतु तिच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे, तिकडे वाचकांनी लक्ष द्यावे. जोपर्यंत आईबाप आपल्या खुशीने मुलास शाळेत पाठवितात, तोपर्यंत त्याच्या प्रकृतीची जबाबदारी त्यांची. पण ज्या दिवशी सरकार दंडाची भीती घालून मूल घरातून बाहेर काढते आणि चाळीस मुलांच्या कोंदट खोलीत बसविते, त्या दिवसापासून त्या खोलीत मुलाचे काय होते ह्याचा जाब सरकारला द्यावा लागतो. एकाच्या अंगावरची खरूज आठवड्यात दहांच्या अंगावर जाते. गोवर, डांग्या खोकला, खुपऱ्या, डोक्यातील उवा व नायटा ह्यांस शाळेसारखी सोयीची जागा नाही. ज्यास फळा दिसत नाही ते मूल मठ्ठ ठरते व छड्या खाते. ज्यास कानाने कमी ऐकू येते ते उद्धट ठरते. पांथरी वाढलेले, हिवतापाने पिवळे पडलेले मूल दुपारी पेंगू लागले तर तो आळस नव्हे. सक्तीचे शिक्षण आणि मुलाची प्रकृती ही एकाच गाडीची दोन चाके आहेत, आणि १९०६ सालपर्यंत बडोद्याची गाडी एकाच चाकावर धावत होती.

ह्याच सुमारास पाश्चात्य देशांतही हा प्रश्न पुढे आला होता. इंग्लंडात बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात भरती होण्यास आलेल्या तरुणांपैकी पुष्कळ जण अशक्त म्हणून परत पाठवावे लागले, तेव्हा तेथील लोक दचकले. चौकशी समिती बसली, तिचा अहवाल १९०४ साली आला, आणि १९०७ सालच्या कायद्याने शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी तेथे बंधनकारक झाली. लढाईसाठी शिपाई कमी पडले म्हणून मुलांच्या दातांची आठवण झाली, हे काही फार सुंदर कारण नव्हे. पण मुलांचा फायदा झाला हे खरे.

न्यूयॉर्क शहराची हकीकत अधिक बोधप्रद आहे, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. तेथे डॉक्टर शाळेत येत, मुले तपाशीत, आणि ज्यास संसर्गजन्य रोग दिसेल त्यास घरी पाठवीत. झाले, त्यांचे काम संपले. घरी गेलेल्या मुलाचे पुढे काय? बहुतेक घरे गरिबांची, परदेशातून येऊन राहिलेल्यांची. पुष्कळांस इंग्रजी येत नसे. डॉक्टरांनी दिलेला कागद आईच्या हाती पडे आणि तसाच पडून राही. मूल गल्लीत खेळे, व ज्यांपासून त्यास दूर ठेविले त्याच मुलांबरोबर संध्याकाळी खेळे. लिलियन वॉल्ड नावाच्या एक परिचारिका ह्या गरीब वस्तीत राहून घरोघर सेवा करीत. त्यांस एक बारा वर्षांचा मुलगा आढळला. डोक्यावरच्या चर्मरोगामुळे त्यास कोणतीच शाळा घेईना, म्हणून तो निरक्षर राहिला होता. दवाखान्यातून मलम मिळत होते. ते कसे लावावयाचे एवढेच आईस कोणी दाखविले नव्हते. बाईंनी ते दाखविले, मुलगा बरा झाला व शाळेत गेला.

१९०२ सालच्या ऑक्टोबरात वॉल्डबाईंनी आपल्या मंडळातील लीना रॉजर्स ह्या परिचारिकेस एका महिन्याच्या प्रयोगासाठी चार शाळांवर दिले. रॉजर्सबाई सकाळी शाळेत किरकोळ जखमा धुवीत, डोळ्यांत औषध घालीत, खरजेस मलम लावीत. आणि दुपारी ज्या मुलांस घरी पाठविले असेल त्यांच्या मागोमाग त्यांच्या घरी जात. परिणाम असा झाला की लवकरच आणखी परिचारिका नेमल्या गेल्या. १९०२ च्या सप्टेंबरात दहा हजारांहून अधिक मुले शाळेतून परत पाठविली गेली होती. १९०३ च्या सप्टेंबरात ती संख्या अकराशेंवर आली. डॉक्टर तेच होते आणि रोगही तेच होते. नवी होती ती फक्त घरी जाणारी बाई. सयाजीराव महाराज १९०६ साली अमेरिकेत गेले होते. ह्या परिचारिकांचे काम त्यांनी पाहिले असे आम्ही म्हणू शकत नाही. ते तेव्हा तेथे चालू होते एवढेच निश्चित आहे.

१९०८ च्या सप्टेंबरात महाराजांवर आणखी एक घाव पडला. क्षयाने गेलेल्या पहिल्या राणीचा एकुलता उरलेला मुलगा, युवराज फत्तेसिंहराव, पंचविसाव्या वर्षी वारला. त्याच्या मागे एक तान्हा मुलगा होता, तेच पुढे प्रतापसिंहराव महाराज. आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षी बडोद्याच्या शाळांत मुलांची तपासणी सुरू झाली. एक गोष्ट दुसरीमुळे घडली असे आम्ही लिहीत नाही. सक्तीचा कायदा झाला होता, विलायतेचा नमुना ताजा होता, तेवढे कारण पुरे आहे. तथापि ज्या बापाने आपली तीन लेकरे पोहोचविली, त्याच्यापुढे मुलांच्या प्रकृतीचे कागद आले तेव्हा ते त्याने इतर कागदांसारखेच वाचले असतील, असे मानणे आम्हांस जड जाते.

अशा तपासणीत विशेष गहन असे काही नसते. उंची व वजन घ्यावयाचे, दूरची अक्षरे वाचावयास लावावयाची, पापणी उलटून पाहावयाची, जीभ, दात, घशातील गाठी, कान, कातडी पाहावयाची, पोटावर हात ठेवून पांथरी लागते की काय हे चाचपावयाचे, आणि छातीस नळी लावावयाची. एका मुलास दहा मिनिटे पुरतात. परंतु ह्या दहा मिनिटांत एक गोष्ट टाळता येत नाही, ती म्हणजे मुलास हात लावणे. आमच्या देशात तीच गोष्ट सर्वांत कठीण होती. १९२९ साली यंग इंडिया ह्या साप्ताहिकात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत छापून आली. ती बडोद्याच्या हद्दीतील असे आमचे म्हणणे नाही. परंतु अमरेली ज्या मुलखात आहे त्याच मुलखातील ती आहे. शिक्षकाची पत्नी बाळंत होऊन आजारी पडली. डॉक्टरास बोलाविले, तर तो त्यांच्या वस्तीत येईना व बाईस हातही लावीना. खटपटी करून त्यास आणिले, तेव्हा बाईस वस्तीबाहेर आणावे लागले. त्याने उष्णतामापक नळी एका मुसलमानाच्या हाती दिली, त्याने ती नवऱ्यास दिली, नवऱ्याने बायकोस लावली, आणि त्याच वाटेने ती परत आली. बाई वाचली नाही. डॉक्टर आंबेडकरांनी ही हकीकत आपल्या लिखाणात पुन्हा नमूद केली आहे. त्यांस स्वतःस ज्या बडोद्याने शिकविले, त्याच बडोद्यात १९१७ साली नोकरीस गेले असता राहावयास जागा मिळाली नाही, आणि पारशांच्या धर्मशाळेतून त्यांस हाकलून देण्यात आले. राजाच्या हुकमाने शाळेचे दार उघडले, तरी शेजाऱ्याचे दार त्या हुकमाने उघडत नाही.

बडोद्याच्या योजनेत उणीव राहिली ती मुलाबरोबर घरी जाणाऱ्या बाईची. आमच्याकडे तपासणी म्हणजे डॉक्टराची भेट, असाच अर्थ पुढे रूढ झाला. ह्यात सर्व दोष महाराजांचा नव्हे. परिचारिका आणावयाची कोठून? कुलीन घरांत तो धंदा हलका समजला जाई. परक्याचे मलमूत्र काढणे, परपुरुषाची शुश्रूषा करणे हे ऐकूनच लोक नाके मुरडीत. मिशन रुग्णालयांत ज्या ख्रिस्ती मुली हे काम शिकल्या त्यांनी किती टोमणे सोसले हे आमच्या मंडळ्यांतील वडील माणसांस माहीत आहे. योगायोग असा की ज्या १९०९ साली बडोद्यात तपासणी सुरू झाली, त्याच साली पुण्यास सेवासदनाची स्थापना झाली. श्रीमती रमाबाई रानडे ह्यांनी पुढे तेथील विधवा मुलींस ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठविले व त्याबद्दलची लोकनिंदा शांतपणे सोसली. बडोद्यास तपासणी होती, पुण्यास परिचारिका तयार होत होत्या. पण ह्या दोन गोष्टी एका शाळेत कधी एकत्र आल्या नाहीत. महाराजांनी १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे विणले व पुस्तके भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरविल्या. पुस्तकाची पेटी ज्या वाटेने गेली त्याच वाटेने एक मलमाची पेटी व ती उघडणारी बाई गेली असती तर, असा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहात नाही.

येथे थोडे विषयांतर करून आजची स्थिती सांगतो. १९४६ साली सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीने सर्व देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला, तेव्हा शाळेतील आरोग्यसेवा आपल्याकडे जवळजवळ नाहीच असे त्या समितीस लिहावे लागले. बडोद्याच्या प्रयोगानंतर सदतीस वर्षांनी ही स्थिती! पुढे समित्या बसल्या, योजना झाल्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याच्या पथकात दोन डॉक्टर, त्यांत एक स्त्री, एक औषधे देणारा व एक परिचारिका अशी माणसे असतात. अंगणवाडीतील बालके वर्षातून दोनदा व सरकारी आणि अनुदानित शाळांतील अठरा वर्षांपर्यंतची मुले वर्षातून एकदा तपासावी असा नियम आहे. हृदयाचे छिद्र, फाटलेला ओठ, वाकडे पाऊल, कमी दृष्टी, रक्तक्षय, असे काही आढळल्यास वरच्या रुग्णालयाकडे पाठवितात व तेथील उपचार, शस्त्रक्रियासुद्धा, विनामूल्य होतात. ह्याशिवाय हायस्कूलच्या मुलामुलींस आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी आणि ठरलेल्या दिवशी जंतांची गोळी शाळेतच मिळते. वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात कामरगाव आहे. तेथल्यासारख्या गावच्या शाळांसही हेच नियम आहेत. ही व्यवस्था चांगली आहे. १९०९ सालच्या मानाने तर फारच पुढे गेलेली आहे.

परंतु परिचारिका ही पथकाच्या गाडीबरोबर येते व संध्याकाळी गाडीबरोबर जाते. उरते ती मुलाच्या हातातली चिठ्ठी. न्यूयॉर्कच्या आईच्या हातात जो कागद पडून राहिला, त्याच जातीची ही चिठ्ठी होय. सोयाबीन काढणीचे दिवस असतात, रोजगार बुडतो, तालुक्याचे रुग्णालय दूर असते. आणि हृदयाचे छिद्र हे नाव ऐकूनच बाप घाबरून जातो व विषय काढीत नाही. मुलीच्या बाबतीत तर चष्मा लागला हेही लपविण्याकडे कल असतो, कारण पुढे तिचे लग्न जमवावयाचे असते. निळी गोळी रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळते. मग गावात आवई उठते की गोळीने मुले आजारी पडली, आणि दुसऱ्या आठवड्यास अर्ध्या गोळ्या खिडकीबाहेर पडतात. जेवणानंतर घ्यावी, शौचास काळे झाले तरी भिऊ नये, एवढे कोणी समजावून सांगितले म्हणजे काम होते. हे सांगावयास डॉक्टरच पाहिजे असे नाही. आशाताई आहेत, वर्गशिक्षक आहेत, आणि ज्यांचे पाऊल आठवड्यास प्रत्येक घरी पडते असे आमचे उपदेशक व बायबलबायाही आहेत. चिठ्ठी कोणत्या मुलास मिळाली एवढे शाळेत विचारून ठेविले आणि बापाबरोबर एक दिवस रुग्णालयापर्यंत गेले, तर ते रॉजर्सबाईंचेच काम झाले. ह्याच वाशीमात १९३८ च्या सुमारास रेनॉल्ड्स स्मारक रुग्णालय निघाले व पुढे तेथे परिचारिकांस शिक्षण मिळू लागले. तेव्हा ह्या भागास परिचारिका हा शब्द नवा नाही.

असो. महाराजांकडे पुन्हा वळू. त्यांच्या पुढील आयुष्यातील राजकारण, १९११ सालच्या दिल्ली दरबारातील मुजऱ्याचा गाजलेला प्रकार, इंग्रज अधिकाऱ्यांची त्यांच्यावरची वक्रदृष्टी, हे सर्व येथे सोडून देतो. आमच्या विषयाशी संबंध आहे तो त्यांच्या व्यायामप्रेमाचा. बडोद्यात जुम्मादादांची तालीम होती, आणि त्यांचे शिष्य माणिकराव हे कवाईत शिकविण्यात व मोडलेली हाडे बसविण्यात नामांकित होते. महाराजांनी त्यांस राजरत्न ही पदवी दिली. बडोद्याहूनच व्यायामाचा एक मोठा ज्ञानकोश मराठीत अनेक खंडांत निघाला. एक मात्र लक्षात येते की तालीम ही धडधाकट मुलांसाठी असते. जे मूल पहिल्याच जोराला धापा टाकते त्यास तालीम बाहेर बसविते. अशा मुलाची छाती आधी कोणी तरी तपासली पाहिजे.

मुलांच्या बाबतीत महाराजांचे दुर्दैव अखेरपर्यंत सुटले नाही. दुसऱ्या राणीचे पुत्र शिवाजीराव १९१९ साली व जयसिंहराव १९२३ साली वारले. त्यांनी ऐन तारुण्यात व्यसनापायी आपल्या प्रकृतीची हानी करून घेतली, असे चरित्रकार लिहितात. ज्याने हजारो परक्या मुलांची काळजी वाहिली, त्यास आपल्या घरच्या मुलांचे रक्षण करिता आले नाही. श्रीमंती व परदेशचे शिक्षण ही लहान वयात एकटेपणाबरोबर आली म्हणजे किती घातक होतात हे ह्या घराण्याने पाहिले. शाळेची परिचारिका खरूज शोधते तसेच एकलकोंडे झालेले मूलही शोधते, असे आज ह्या विषयातील जाणते सांगतात. त्या काळी इतका विचार कोणी केलेला नव्हता.

श्रीमंत सयाजीराव महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत वारले. वय पंचाहत्तर वर्षांचे होते. गादीवर आल्यास चौसष्टावे वर्ष चालू होते. त्यांच्या मागून नातू प्रतापसिंहराव गादीवर बसले. १ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई इलाख्यात विलीन झाले. त्याच साली बडोद्यास महाराजांच्या नावाचे विश्वविद्यालय निघाले व वैद्यकीय महाविद्यालयही उघडले. त्या महाविद्यालयास जोडलेल्या मोठ्या रुग्णालयास सयाजीरावांचेच नाव आहे, आणि मध्य गुजराथेतील गरीब खेडूत आपली मुले आजही तेथे घेऊन येतात.